मार्टिनी-हेन्रीच्या नळीला गोळी बसवायची कशी: नावातला आकडा विसरा, घसा मोजा

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या काडतुसाचं नाव .५७७/४५०. नवखा माणूस हे वाचतो आणि .४५० इंचाची गोळी शोधायला निघतो. ती गोळी नळीत टाकली की जवळजवळ आपल्या वजनानेच खाली सरकते. नळीच्या आत पिळदार खाचा असतात, आणि दोन खाचांमधला उंच पट्टा म्हणजे कंगोरा. ४५० हा आकडा समोरासमोरच्या कंगोऱ्यांमधल्या अंतराचा आहे, खाचांच्या तळाचा नाही. खाचा प्रत्येक बाजूला सात ते नऊ थाऊ खोल असतात, म्हणजे तळापासून तळापर्यंतचा व्यास .४६४ ते .४६८ च्या घरात जातो. झिजलेल्या किंवा गंजून साफ केलेल्या नळीत त्याहून थोडा जास्तच. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. पिंपरी-भोसरीच्या शॉपमध्ये लेथवर उभा राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इथून पुढे सगळा हिशेब थाऊतच आहे.)

कायद्याची गोष्ट आधी. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, मग रायफल आजोबांच्या काळातली का असेना. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल संघराज्याच्या कायद्यात पुराणवस्तू धरली जाते. ब्रिटनमध्ये .५७७/४५० हे कालबाह्य कॅलिबरच्या यादीत आहे, पण ते भिंतीवर टांगण्यापुरतं. गोळी झाडायची तर प्रमाणपत्र लागतं. तिकडच्या क्लबांत जाणाऱ्या मराठी मंडळींना खालचं उपयोगी पडेल. इतरांनी ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिरीचं कोडं म्हणून वाचावं.

हे कोडं आपल्याला परकं नाही. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. २७ जुलै १८८० ला मैवंदला ब्रिटिश ६६व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती, तर शेजारीच लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या हातात एक पिढी जुनी स्नायडर. १८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम मागची बंदूक द्यायची, असं इंग्रजांचं धोरणच होतं. आणि गोळी-नळीच्या मापाचं सगळ्यात गाजलेलं प्रकरणही इथलंच. काडतुसाच्या चरबीबद्दल शाळेत सगळेच शिकतात, मापाबद्दल कोणी बोलत नाही. एन्फिल्डची नळी .५७७, गोळी .५६८, आणि गोळीभोवती कागद. कोरड्या, स्वच्छ नळीत हे छान बसायचं. हिंदुस्तानच्या उन्हात दहा-वीस बार झाले की काजळीचा थर कडक व्हायचा, चरबी वितळून कागदातून निघून गेलेली असायची, आणि गोळी गजाने ठोकूनही खाली जायची नाही. शेवटी गोळीचा व्यास .५५० पर्यंत उतरवावा लागला. अठरा थाऊचा फरक, आणि दारूगोळा खात्याच्या मागे वर्षानुवर्षांची डोकेदुखी.

तोंडाने भरायच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा लहान असावीच लागते, नाहीतर ती आत जाणार कशी? मार्टिनी मागून भरते, म्हणून गोळी खाचांपेक्षा मोठी ठेवता येते. ठेवता येते म्हणजे किती, हा आपला प्रश्न.

गोळी कुठून कुठे जाते

चेंबर म्हणजे काडतूस बसतं तो पोकळ भाग. मार्टिनीचं चेंबर बाटलीसारखं आहे: खाली जाड अंग, मग खांदा, मग मान. मानेच्या पुढे काडतूस संपतं, पण नळीच्या खाचा तिथे लगेच पूर्ण उंचीने सुरू होत नाहीत. मधे थोडा निमुळता भाग असतो, त्याला घसा म्हणू. बार उडाला की गोळी आधी मानेतून सुटते, घशातून सरकते आणि मग कंगोऱ्यांत रुतते. या अर्ध्या-पाऊण इंचाच्या प्रवासात ती तिरकी झाली किंवा तिच्या बाजूने वायू निसटला, तर पुढची ३३ इंच नळी कितीही सुंदर असली तरी काही वाचत नाही. बाजूने निसटणारा तापलेला वायू शिशाची कड कापत जातो आणि तेच शिसं पुढे नळीला चिकटतं.

म्हणून गोळी नळीला नाही, घशाला बसवायची. नळीचं माप ही फक्त खालची मर्यादा. वरची मर्यादा ठरवते चेंबरची मान, कारण गोळी जितकी जाड तितकी तिच्याभोवतीची पितळी मान फुगते, आणि ती फुगलेली मान चेंबरमध्ये मोकळी बसली पाहिजे.

तीन मापं लागतात: खाचांचा व्यास, घशाचा व्यास, चेंबरच्या मानेचा व्यास. चौथं माप आपल्या हातातलं, पितळेची जाडी.

खाचा मोजताना फसगत होते

रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने दोनदा पाहा. नळी घासून कोरडी करा, मग तेलाचा पातळ हात फिरवा. शुद्ध मऊ शिशाचा छोटा दट्ट्या घ्या, खाचांच्या व्यासापेक्षा दहा-पंधरा थाऊ मोठा. गोल गोळा घेतला तर त्याची बारीकशी पट्टीच नळीला टेकते, म्हणून तो आधी हलका ठोकून बुटका करून घ्या. मार्टिनीत ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) काढल्याशिवाय मागून सरळ गज जात नाही, तेव्हा ब्लॉक आणि एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारा भाग) काढून ठेवा, दट्ट्या तोंडाकडून आत घाला आणि ठोकत ठोकत मागून बाहेर काढा; नळीच्या खाचांचा ठसा त्याच्यावर उमटतो. पितळी गज वापरा, किंवा नळीत जेमतेम मावेल इतका जाड आणि अखंड लाकडी दांडा. लाकडाचे तुकडे एकापुढे एक घातले की ते तिरके फुटून पाचर बनतात, आणि मग ती पाचर काढायचं वेगळंच काम मागे लागतं.

ठोकताना हाताला काय कळतं ते लक्षात ठेवा. दट्ट्या सारख्या जोराने सरकत असेल तर नळी ठीक. मधेच एका ठिकाणी एकदम ढिला पडून पुढे पुन्हा घट्ट झाला, तर तिथे नळी फुगलेली आहे. अशी नळी झाडण्याच्या कामाची नाही.

दट्ट्या बाहेर आला, आता मोजायचा. आणि इथे बरेच जण चुकतात. हेन्रीच्या नळीत सात खाचा आहेत. विषम संख्या. व्हर्नियरचा एक जबडा खाचेने उठवलेल्या वरंब्यावर टेकतो तेव्हा समोरचा जबडा बरोबर कंगोऱ्याने पाडलेल्या घळीवर येतो. वाचन कमी येतं, कधी चार-पाच थाऊने, आणि माणूस खुशाल गोळी ओतायचा .४६२ चा साचा मागवतो. पाच खाचांच्या ली-एन्फिल्डवालेही याच खड्ड्यात पडतात. यावरचा चोख उपाय म्हणजे व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर: तीन खाचांना ६० अंशांचा, पाचांना १०८ अंशांचा, सातांना सुमारे १२८.६ अंशांचा. तो महाग असतो. घरगुती उपाय असा: एक थाऊ जाडीच्या पितळी शिमची पट्टी दट्ट्याभोवती एकच वेढा देऊन ताणून गुंडाळा, टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, त्यावरून फिरवत फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजा, सगळ्यात मोठं वाचन घ्या आणि त्यातून दोन थाऊ वजा करा. अर्ध्या थाऊचा खोटेपणा यात राहतो. त्याने काही बिघडत नाही.

घशाचा आणि मानेचा साचा

चेंबरचा साचा, म्हणजे आतल्या पोकळीचा ठसा, काढायला सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. बिस्मथ, शिसं, कथील आणि थोडं कॅडमियम. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यात भांडं ठेवलं तरी काम होतं. थेट गॅसवर तापवू नका. कॅडमियमची वाफ छातीत जाण्यासारखी गोष्ट नाही.

घशाच्या पुढे साधारण एक इंचावर कापडाचा घट्ट बोळा बसवा. चेंबरला तेलाचा अगदी पुसट हात द्या, तेल साचलं तर साच्यावर खड्डे पडतात. नळी किंचित कोमट करा, तोंड खाली करून उभी धरा आणि कागदाच्या नळकांड्यातून धातू एका धारेत ओता. चेंबरच्या काठापर्यंतच. वर ओसंडून एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत गेला तर साचा अडकून बसतो.

या धातूची एक खोड आहे, आणि ती माहीत नसेल तर सगळं मोजमाप वाया जातं. ओतल्यावर पहिली तीस मिनिटं तो आकसतो, तेव्हाच तो गजाने हलकं ढकलून बाहेर काढायचा. मग तो फुगायला लागतो. साधारण एक तासाने तो बरोबर चेंबरच्या मापाचा असतो. त्यानंतरही फुगतच राहतो, आणि दोनशे तासांनी दर इंचामागे अडीच थाऊने मोठा झालेला असतो. म्हणजे घड्याळ लावून एका तासाने मोजायचं, आकडे लिहून घ्यायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोजून गोंधळ घालायचा नाही.

साचा हातात घेतला की घसा दिसतो: मानेच्या पायरीनंतर एकदम गुळगुळीत भाग, मग कंगोऱ्यांच्या निमुळत्या सुरुवाती. मानेची पायरी संपल्यावर लगेचचं माप घ्या, ते घशाचं. मान दोन-तीन ठिकाणी मोजा. जुन्या लष्करी चेंबरची मान सैल कोरलेली असते; धुळीत, चिखलात काडतूस अडू नये म्हणून. ही सैल मान आपल्या फायद्याची आहे.

आता बेरीज

समजा एका रायफलची मापं अशी आली: खाचा .४६६, घसा .४६९, चेंबरची मान .४९६.

गोळी खाचांपेक्षा एक-दोन थाऊ मोठी हवी, म्हणजे .४६७ किंवा .४६८. घसा .४६९ आहे, म्हणजे .४६८ तिथे एका थाऊच्या फटीने बसते. उत्तम. आता पितळ. मान बारा थाऊ जाड असेल तर दोन्ही बाजूंची चोवीस. ४६८ अधिक २४, भरलेल्या काडतुसाची मान झाली .४९२. चेंबर .४९६. मोकळीक चार थाऊ. हे काडतूस झाडायच्या लायकीचं आहे.

तीच गोळी, पण पितळ पंधरा थाऊ जाड. ४६८ अधिक ३० म्हणजे .४९८. दोन थाऊने मोठं; आत जाणारच नाही. आणि जाणार नाही हे आपलं नशीबच. घातक असतं ते जेमतेम जाणारं काडतूस. शून्य मोकळिकीची मान दाबून बसली तर बारच्या वेळी पितळाला फुगायला जागा नसते, गोळी सुटत नाही आणि दाब चढतो. कमीत कमी दोन थाऊ मोकळीक ठेवा, तीन-चार असेल तर निवांत.

आज मार्टिनीच्या केसी, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, बऱ्याचदा २४ बोअरच्या पितळी काडतुसांपासून आवळून बनवतात. त्यांचं पितळ पातळ असतं. खास ओढून बनवलेल्या केसी जाड असतात. एकाच रायफलीत एका प्रकारची केस छान चालते आणि दुसरी अडते, त्याचं कोडं बहुतेक वेळा इथे सुटतं. दोन्ही प्रकार एका डब्यात मिसळू नयेत.

सेरोसेफ नसेल तर साधी पारख आहे. त्याच रायफलीत एकदा झाडलेली, पुन्हा न आवळलेली केस घ्या आणि नवी गोळी तिच्या तोंडात बोटाने घालून पाहा. सहज सरकली तर मोकळीक आहे. अडली तर गोळी मोठी आहे किंवा पितळ जाड आहे. चेंबर एक थाऊही मोजलं नाही, तरी एवढी पारख केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी भरलेलं काडतूस अंगठ्याने पूर्ण आत गेलं पाहिजे. बोल्टच्या रायफलीत बोल्टचा पेच काडतूस रेटून बसवतो. मार्टिनीच्या वर उठणाऱ्या ब्लॉकच्या अंगात तेवढी ताकद नसते, आणि लिव्हर जोराने ओढून बसवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. गोळीच्या नाकावर मार्करची शाई लावा, काडतूस घालून काढा. शाईवर सातही कंगोऱ्यांच्या पुसट रेघा सारख्या उमटल्या तर गोळी मध्यभागी टेकते आहे. रेघा एकाच बाजूला असतील तर गोळी केसमध्ये तिरकी बसली आहे. ठळक, खोल रेघा असतील तर गोळी थोडी आणखी आत बसवायची.

शिसं किती मऊ

मूळ लष्करी गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. बारा भाग शिसं, एक भाग कथील. वर कागदाचं वेष्टन, मागे मेणाची चकती, आणि ८५ ग्रेन काळी दारू. आज स्वतःच्या अंगावरच्या खाचांमध्ये मेण भरलेल्या साध्या गोळीसाठी विसास एक हे प्रमाण बरं पडतं: दोन किलो शुद्ध शिशाला शंभर ग्रॅम कथील. ब्रिनेल कठीणपणा साधारण १०. शुद्ध शिशाचा ५.

मऊपणाला कारण आहे. काळी दारू एकदम पेटते आणि गोळीच्या बुडाला घणाचा ठोसा बसतो. गोळीचं टोक जागेवर, बूड पुढे. मधलं मऊ शिसं आखूड होऊन रुंद होतं आणि खाचा भरून टाकतं. एखादा थाऊ कमी पडला असेल तर हा ठोसा भरून काढतो. कोणी भंगारातलं छपाईच्या टाइपचं शिसं वापरलं, ज्याचा कठीणपणा २० च्या वर, तर ती गोळी रुंदच होत नाही. कठीण म्हणजे चांगली, हा समज इथे उलटा पडतो. बिनधुराच्या दारूचा तर विचारच नको. ही पोलादं आणि नळी मागून बंद करणारी ही कुलपं तिच्यासाठी बनलेली नाहीत.

शिसं ओतताना ३७० ते ४०० अंश सेल्सियस. गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे किंवा त्यात तेल राहिलं आहे. दवासारखी पांढुरकी झाक आली तर साचा फार तापला. झाक असलेली गोळी चालते, सुरकुतलेली परत भांड्यात. कथील शिशाला पातळ करत नाही, त्याचा पृष्ठताण कमी करतं, म्हणून साच्याचे कोपरे भरतात. बुडाची कड चाकूसारखी धारदार आली पाहिजे. गोल झालेल्या कडेवरून वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. प्रत्येक गोळी तोला. हलक्या भरलेल्या गोळीच्या पोटात पोकळी असते.

आणि एकाच साच्यातून दोन वेगळ्या मिश्रणांच्या गोळ्या दोन वेगळ्या मापांच्या निघतात. शुद्ध शिसं थंड होताना जास्त आकसतं. साच्यावर .४६८ कोरलेलं असलं तरी तो आकडा कुठल्या मिश्रणासाठी आहे ते विचारा, आणि पहिल्या दहा गोळ्या स्वतः मोजा.

पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर भांडं फुटल्यासारखं उसळतं. ओलसर भंगार तापत्या भांड्यात कधीही टाकू नका. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका.

कागदाचा हिशेब वेगळा: दोन थाऊचा कागद दोन वेढे घातला की व्यासात चार पदर, म्हणजे आठ थाऊ वाढतात. म्हणून कागदी गोळी मुळात बारीक ओतायची. मेण मात्र दोन्हीकडे महत्त्वाचं. निम्मं मधमाश्यांचं मेण, निम्मी चरबी किंवा वनस्पती तेल. पेट्रोलियमचं ग्रीस काळ्या दारूच्या काजळीत मिसळलं की डांबरासारखं घट्ट बसतं.

नळी काय सांगते

चिकटलेलं शिसं कुठे आहे ते पाहिलं की चूक कुठे आहे ते कळतं. घशापुढच्या पहिल्या दोन-तीन इंचांत शिशाच्या लांब रेघा दिसल्या तर गोळी लहान आहे, वायू निसटतो आहे. एक-दोन थाऊ मोठी गोळी घ्या, पण आधी मानेची बेरीज पुन्हा करा. नळीच्या तोंडाजवळ शेवटच्या काही इंचांत शिसं असेल तर मेण संपलं आहे. मधेच एका जागी असेल तर तिथे खड्डा किंवा गंज आहे, आणि तो मापाने सुटत नाही. कागदावरची भोकं गोल न येता चावीच्या भोकासारखी लांबट आली तर गोळी आडवी पडते आहे, म्हणजे कंगोऱ्यांनी तिला धरलेलंच नाही. तिथे थांबा. मापाचा घोळ आहे, दारू वाढवून तो मिटत नाही.

२००३ साली नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो मार्टिनी बाजारात आल्या. त्यांच्यात मापांचा फरक मोठा आहे. एकाच मार्कच्या (मॉडेलच्या) दोन रायफलींची मान दोन-तीन थाऊने वेगळी निघाली तर नवल नाही. खैबरच्या बाजूला हाताने घडवलेल्या नकला तर वेगळ्याच; मुद्रेतलं उलटं कोरलेलं एन अक्षर ही त्यांची नेहमीची खूण. त्यांच्या नळीत काय पोलाद आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, तेव्हा त्या मोजायच्याही नाहीत, फक्त टांगायच्या. खऱ्या रायफलीचे आकडे मात्र एका पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून कुंद्याच्या पट्ट्याला बांधा: खाचा, घसा, मान, पितळ, मिश्रण. शेजारी तशीच दिसणारी दुसरी मार्टिनी असेल, तर तिची चिठ्ठी वेगळी.